अशांत काळातला वाचक आणि इब्ने सफी

उर्दू साहित्याची चर्चा मराठीत निघाली की ठरावीक नावे येतात. गालिब, इक्बाल, प्रेमचंद, मंटो, कृष्णचंदर, इस्मत चुगताई, कुर्रतुल ऐन हैदर. मराठीत अनुवाद झाले तेही बहुतांशी यांचेच. ही माणसे मोठी आहेत, त्याबद्दल वाद नाही. परंतु या यादीवरून कोणी असा समज करून घेतला की फाळणीनंतरचा सामान्य उर्दू वाचक मंटो वाचत होता, तर तो समज खरा नाही. मोहल्ल्यातल्या आना लायब्ररीतून जी पुस्तके घरोघर फिरली, पाने सुटी होईपर्यंत वाचली गेली, थोरांनी आणली आणि मुलांनी चोरून वाचली, त्यांच्या मुखपृष्ठावर एक नाव असे : इब्ने सफी, बी. ए.

अडीचशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाला उर्दू समीक्षेने अनेक वर्षे दारातच उभे ठेवले. जासूसी कादंबरी म्हणजे वेळ घालवण्याचे साधन, तिचा काळाशी संबंध काय, असा एकूण सूर होता. आमचे मत याच्या उलट आहे. एखाद्या समाजावर संकट कोसळते तेव्हा त्या समाजाचे श्रेष्ठ लेखक काय लिहितात हे पाहावे, तसेच त्या समाजाचा साधा वाचक पदरचे चार पैसे मोडून काय वाचतो हेही पाहावे. वाचन हा काळाचा आरसा आहे असे आपण सहज बोलून जातो. पण आरशात समोर असते तेच दिसते. लोकप्रिय पुस्तकात बहुधा समोर नसलेले दिसते. काळाने माणसाचे जे हिरावून नेले ते तो पुस्तकात शोधत असतो. म्हणूनच दंगलीच्या काळात खपणारे पुस्तक दंगलीविषयी असतेच असे नाही.

हे म्हणणे पटण्यासाठी थोडे मागे, १८५७ पर्यंत जावे लागेल.

तलवार गेली, झोळी राहिली

१८५७ च्या उठावानंतर दिल्ली आणि लखनौ या उर्दूच्या दोन्ही राजधान्या मोडून पडल्या. लखनौच्या जुन्या वस्तीचे मोठे भाग इंग्रजांनी पाडले. त्याच लखनौत १८५८ मध्ये मुन्शी नवलकिशोर यांनी छापखाना काढला. पुढची काही दशके उर्दू वाचकाने काय वाचले याचा बराचसा हिशेब या एका छापखान्यात सापडतो.

या काळात सुधारकांनी वाचकापुढे नवी पुस्तके ठेवली. डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ ची. तिला सरकारी बक्षीस मिळाले आणि पुढे ती मुलींच्या शिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांच्याच 'तौबतुन्नसूह' या कादंबरीत एक प्रसंग आहे. कॉलऱ्यातून उठलेला नसूह घर सुधारायला निघतो आणि शायर मुलाचा, कलीमचा, पुस्तकांचा संग्रह जाळून टाकतो. जुने किस्से आणि शायरी यांनीच कौम बुडाली, असा त्या काळच्या सुधारकांचा निष्कर्ष होता.

वाचकाने काय केले? नसूहची आग थंड होऊन दहा वर्षेही झाली नसतील, तोच १८८३ पासून नवलकिशोर यांच्या छापखान्यातून 'तिलिस्मे होशरुबा'चे खंड निघू लागले. पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, उरलेले अहमद हुसैन कमर यांनी. १८९३ पर्यंत ते काम चालले. ज्या 'दास्ताने अमीर हमजा'चा हा भाग, ती सगळी मिळून पुढे ४६ खंडांची झाली. एवढे कागद आणि शाई कोणताही छापखाना हौसेखातर खर्च करीत नाही. गिऱ्हाईक होते म्हणूनच ते छापले गेले.

आता या दास्तानीत वाचकाला काय मिळत होते ते पाहू. होशरुबा हे जादूचे राज्य. अफ्रासियाब हा तिथला बादशहा. त्याच्याविरुद्ध अमीर हमजाच्या बाजूचे शहजादे तलवारी घेऊन उतरतात आणि वारंवार जादूत अडकून कैद होतात. त्यांना सोडवतो तो अमर अय्यार. हा योद्धा नव्हे, बहुरूपी आणि चतुर माणूस. त्याच्याजवळ जंबील नावाची झोळी आहे. तिच्यात काहीही मावते आणि तिच्यातून काहीही निघते. वाचकाचा लाडका हमजा नाही, अमर आहे.

१८५७ नंतर हत्यारे जप्त झाली. १८७८ मध्ये हत्यारबंदीचा कायदा आला. ज्याच्या हातातली तलवार काढून घेतली आहे अशा वाचकाला तलवारीचा नायक पुरेसा वाटला नाही, झोळीचा आणि युक्तीचा नायक जवळचा वाटला, असे आम्हाला वाटते. दास्तान जुनीच होती, ती काही १८५७ वर रचलेली नव्हती. पण त्या घडीला वाचकाने तिच्यावर एवढा जीव का लावला, याचे उत्तर दास्तानीत जसे आहे तसे वाचकाच्या रिकाम्या हातातही आहे.

याच काळात दुसऱ्या प्रकारचा वाचकही तयार होत होता. अब्दुल हलीम शरर यांनी १८८७ मध्ये 'दिलगुदाज' हे मासिक काढले आणि १८८८ मध्ये 'मलिकुल अजीज वर्जिना' ही कादंबरी दिली. सलीबी युद्धांचा काळ, मुसलमान नायक, विजय आपला. वर्तमानात जे नाही ते इतिहासातून आणून दिले. उर्दूतल्या लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीची वाट इथून सुरू होते. ही वाट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा लागणार आहे.

फाळणीचे साहित्य आणि फाळणीचा वाचक

१९४७ मध्ये उर्दू लेखक गप्प बसले नाहीत. फसादांवर एवढे लिहिले गेले की उर्दू समीक्षेत 'फसादात का अदब' असे वेगळे नाव रूढ झाले. कृष्णचंदर यांचा 'हम वहशी हैं' हा कथासंग्रह आला. मंटोंची 'खोल दो' १९४८ मध्ये 'नुकूश'मध्ये छापली आणि त्यावरून ते मासिक सहा महिने बंद ठेवण्यात आले. 'ठंडा गोश्त'वर खटला चालला. या कथांची जागा उर्दूतच नव्हे, जगाच्या साहित्यात आहे.

पण ज्याच्या घरातले माणूस गेले, ज्याचे अर्धे कुटुंब सीमेपलीकडे राहिले, त्याने 'खोल दो' रात्री उशाशी घेऊन झोपावे ही अपेक्षा कठोर आहे. मंटोंनी जे दाखवले ते त्या वाचकाने पाहिलेले होते. त्याला हवे होते ते त्या कथांमध्ये नव्हते, आणि ते देणे मंटोंचे कामही नव्हते. मंटोंच्या कथेत गुन्हेगार सापडत नाही, कारण गुन्हेगार सगळेच आहेत.

अशा वेळी, मार्च १९५२ मध्ये, अलाहाबादच्या 'नकहत' प्रकाशनाने 'जासूसी दुनिया' ही मासिक मालिका सुरू केली. पहिली कादंबरी होती 'दिलेर मुजरिम'. लेखक अवघा २३ वर्षांचा. खरे नाव असरार अहमद, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. आधी तो असरार नारवी या नावाने शायरी आणि तुगरल फर्गान या नावाने विनोदी लेखन करीत असे. असे सांगतात की, उर्दूत आता फक्त उत्तान पुस्तकेच खपतात, असे मित्रांच्या बैठकीत कोणी म्हणाले. ते खोटे ठरवण्यासाठी त्याने जासूसी कादंबरी हाती घेतली. पहिल्या कादंबरीचा सांगाडा इंग्रजीतून घेतला होता आणि ते त्यांनी स्वतः कबूलही केले आहे. पुढचा डोलारा मात्र त्यांचा स्वतःचा.

'इब्ने सफी' याचा अर्थ सफीचा मुलगा. वडील सफीउल्लाह १९४७ मध्येच कराचीला गेले होते, मुलगा अलाहाबादेत होता. ऑगस्ट १९५२ मध्ये आई आणि बहिणीला घेऊन तोही कराचीला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून दोन देशांमध्ये पासपोर्ट लागू झाला. माणसांचे जाणे-येणे अवघड झाले, पण कादंबऱ्या जात-येत राहिल्या. कराचीत लिहिलेला मजकूर अलाहाबादला येई आणि तिथून भारतभरच्या उर्दू वाचकाला मिळे. १९५५ मध्ये 'खौफनाक इमारत'पासून इम्रान मालिका सुरू झाली. १९६० ते १९६३ या काळात लेखक मानसिक आजाराने बिछान्याला खिळला आणि मालिका थांबली. 'डेढ मतवाले' घेऊन तो परतला तेव्हा दोन्ही देशांतल्या वाचकाने त्याला जुन्याच जिव्हाळ्याने उचलून घेतले. २६ जुलै १९८० ला, आपल्या वाढदिवसाच्याच तारखेला, इब्ने सफी कराचीत वारले.

गणवेशातला फरीदी

'जासूसी दुनिया'चा नायक अहमद कमाल फरीदी. आधी इन्स्पेक्टर, पुढे कर्नल. सोबत हमीद, आधी सार्जंट, पुढे कॅप्टन. फरीदी नवाबी घराण्यातला, घरचा श्रीमंत, साप आणि कुत्रे पाळण्याचा शौकीन, बाईच्या आणि पैशाच्या मोहात न सापडणारा. हमीद थट्टेखोर, आळशी, पण वेळेला जिवाला जीव देणारा. गोष्ट घडते ते शहर आणि तो देश यांना नाव नाही. भूत दिसते आणि शेवटी ते माणूस निघते. गुन्हेगार कितीही मोठा असो, शेवटच्या पानांत त्याला बेड्या पडतात. माणसाने कायद्याचा आदर करायला शिकावे हा आपल्या लेखनाचा हेतू आहे, अशा अर्थाचे इब्ने सफी यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

हे सगळे १९५२ च्या भारतातल्या मुसलमान वाचकाच्या जागी बसून वाचून पाहावे. त्या वर्षी कायदा त्याच्या दारात कोणत्या रूपात येत होता? कस्टोडियनच्या रूपात. निर्वासितांच्या मालमत्तेचा १९५० चा कायदा लागू होता. भाऊ पाकिस्तानात गेला म्हणून इथल्याच्या घराला टाळे लागू शकत होते, आणि उद्या हाही जाईल या संशयावरूनही चौकशी होत होती. निष्ठेचा प्रश्न बाजारात, कचेरीत, आगगाडीत विचारला जात होता.

मराठवाड्यातल्या वाचकाची गोष्ट आणखी वेगळी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या कारवाईला सर्वांच्या तोंडी 'पोलीस ॲक्शन' हेच नाव आहे. रझाकारांनी जे अत्याचार केले ते इतिहासात नोंदलेले आहेत आणि ते नाकारणे म्हणजे आपल्याच शेजाऱ्याचे दुःख नाकारणे. पण कारवाईनंतर सामान्य मुसलमानांवर जे गुजरले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली होती. २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा समितीचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचे उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन जिल्हे होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. ज्या भागात 'पोलीस' या शब्दाबरोबर ही आठवण चिकटलेली होती, त्या भागातल्या उर्दू वाचकाच्या हाती चार वर्षांनी एक पोलीस अधिकारी आला. त्याचे नाव अहमद कमाल होते.

इथे आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. ज्याच्या निष्ठेवर शंका घेतली जात होती त्याच्याच नावाचा अधिकारी या पुस्तकांत परक्यांचे हेर पकडतो. राज्ययंत्रणा त्याच्यावर विश्वास टाकते, वरिष्ठ त्याचा सल्ला घेतात, आणि आपण मुसलमान आहोत याचा खुलासा त्याला कोणाकडे करावा लागत नाही. त्याचे नाव ही त्या जगात बातमीच नाही. वाचकाचे जे गेले होते ते हेच होते. मालमत्ता गेली त्याची भरपाई कादंबरी देऊ शकत नव्हती. पण आपले नाव सांगताना खालच्या आवाजात सांगावे लागणार नाही असे एक शहर तिने दिले. देशाचे नाव लेखकाने का टाळले याची कारणे व्यावहारिक असू शकतील, पुस्तके दोन्ही देशांत खपवायची होती. वाचकाला मात्र त्या निनावी देशाचा मोठा उपयोग झाला. दिल्लीचा वाचक तो देश आपला समजला आणि कराचीचा वाचकही.

विनोद आणि हमीद

इब्ने सफी यांच्या कादंबऱ्या हिंदीतही निघाल्या आणि तिथेही तुफान खपल्या. पण हिंदीत जाताना फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला.

या एका बदलावर उर्दूत हसून बोलले जाते. आम्हाला तो हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. प्रकाशकाचा हिशेब सरळ असणार, हिंदी वाचकाला आपल्यातला नायक हवा. त्या हिशेबातून समाजाचे मोजमाप मिळते. नायकाचे नाव बदलावे लागले, सोबत्याचे चालून गेले. मुसलमान हजरजबाबी मित्र म्हणून पसंत आहे, वरिष्ठ म्हणून त्याच्याबद्दल खात्री नाही, हे १९५० च्या दशकातल्या बाजाराने कोणतेही भाषण न करता सांगून टाकले. हिंदी सिनेमाने पुढे कित्येक वर्षे नायकाचा जिवलग मित्र म्हणून जो मुसलमान दाखवला, तो याच हमीदचा भाऊ.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. त्याच हिंदी पुस्तकांत लाखो वाचकांनी विनोद आणि हमीद यांना एका टेबलावर जेवताना, एकमेकांची थट्टा करताना, एकमेकांसाठी गोळी झेलताना पाहिले. फसादांची राख अजून गरम असताना हे चित्र महिन्याच्या महिन्याला घरात येत होते. प्रकाशकाने ते एकतेच्या हेतूने केले असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाचकाने ते नाकारले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

घोडा, तलवार आणि कायदा

शरर यांची वाट पुन्हा लागणार असे वर म्हटले ते इथे. फाळणीच्या आगेमागे नसीम हिजाजी यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या उर्दूत प्रचंड वाचल्या गेल्या. 'मुहम्मद बिन कासिम', 'शाहीन', 'आखरी चट्टान', टिपू सुलतानवरची 'और तलवार टूट गई', आणि खुद्द फाळणीवरची 'खाक और खून'. हिजाजी जन्माने गुरदासपूर जिल्ह्यातले, जो भाग भारतात राहिला. त्यांच्या लेखनामागचा सल खोटा नाही आणि गोष्ट सांगण्याची ताकदही खोटी नाही.

तरीही इब्ने सफी आणि हिजाजी यांचा वाचक एकाच वेळी, पुष्कळदा एकाच घरात होता, हे पाहिले की दोन दिलाशांमधला फरक ध्यानात येतो. हिजाजींचा दिलासा असा की आपण एके काळी जिंकत होतो आणि आपल्यातल्या गद्दारांमुळे हरलो. इब्ने सफींचा दिलासा असा की गुन्हा कोणीही करो, तो उघडकीला येतो आणि कायदा आपले काम करतो. पहिल्यात शेजारी हा बहुधा शत्रूच्या गोटात सापडतो. दुसऱ्यात शेजाऱ्याचा धर्म तपासण्याची गरजच पडत नाही, त्याने गुन्हा केला की नाही एवढेच तपासायचे असते. पहिला दिलासा घेऊन वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याला रस्त्यावरचे जग फिके आणि परके वाटते. दुसरा घेऊन मिटतो तेव्हा त्याच रस्त्यावर उद्या पुन्हा जायचे आहे हे त्याला ठाऊक असते.

म्हणून भारतातल्या उर्दू वाचकाने फरीदीवर एवढे प्रेम केले ही आम्हाला साधी गोष्ट वाटत नाही. ज्याला कायद्याचा अनुभव कडू होता त्याने करमणुकीसाठीसुद्धा सूडाऐवजी कायदाच निवडला. या निवडीची दखल ना आपल्या पुढाऱ्यांनी घेतली, ना आपल्या समीक्षकांनी.

याची मराठीशी तुलना करून पाहावी. मराठीत चाळीसच्या दशकापासून बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा अशाच घरोघर पोचल्या. त्यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे झुंझार आणि काळा पहाड हे कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारे नायक. युद्धकाळातली महागाई, रेशन आणि काळाबाजार पाहिलेल्या मराठी वाचकाला असा नायक आवडावा हे समजण्याजोगे आहे. कायदा आपलाच आहे अशी खात्री असलेला वाचक कायदा मोडणाऱ्या नायकाची मजा घेऊ शकतो. ज्याला ती खात्री नाही त्याला कायदा पाळणारा नायक हवा असतो. त्याच्या दृष्टीने कायदा पाळला जाणे हीच अद्भुत गोष्ट असते.

जे या पुस्तकांत नाही

इब्ने सफींच्या बाजूने एवढे लिहिल्यावर दुसरी बाजू न मांडणे समीक्षेला शोभणार नाही.

पहिली गोष्ट, फरीदीच्या शहरात खून होतात पण फसाद होत नाही. एकटा खुनी सापडतो. जमावाने केलेला खून फरीदीकडे कधी तपासाला येत नाही. ज्या गुन्ह्याने वाचकाचे आयुष्य उलटेपालटे केले तो गुन्हाच या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. ही चुप्पी लेखकाची होती तशी वाचकाचीही होती. दोघांनी मिळून न बोलण्याचे ठरवले होते असे वाटावे, इतकी ती पक्की आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या कादंबऱ्यांतला कायदा माणसावर उभा आहे. फरीदी श्रीमंत आहे म्हणून लाच घेत नाही, असामान्य आहे म्हणून जिंकतो. इम्रान तर आपणच एक्स-टू आहोत हे स्वतःच्या हाताखालच्यांनाही कळू देत नाही. तो कोणाला उत्तरदायी आहे हे स्पष्ट नाही. अशा जगात सामान्य नागरिकाने करायचे काय? वाट पाहायची. फिर्याद, साक्ष, पंचनामा, वकील, अपील, माहितीचा अर्ज या कंटाळवाण्या पायऱ्यांनी न्याय मिळवावा लागतो हे वाचक या पुस्तकांत शिकत नाही. कायद्यावर विश्वास ठेवायला तो शिकतो, कायदा वापरायला शिकत नाही.

वास्तव काय होते? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशाच्या लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के आणि भारतीय पोलीस सेवेत सुमारे ४ टक्के होते. फरीदी वाचून मोठ्या झालेल्या पिढ्यांमधून फरीदी किती झाले, हे या आकड्यांत आहे. याचे खापर कादंबरीवर फोडता येणार नाही. भेदभाव, गरिबी आणि शिक्षण ही कारणे मोठी आहेत. पण नायकाची वाट पाहण्याची सवयही त्या कारणांच्या रांगेत कुठेतरी उभी आहे.

१९९२-९३ च्या मुंबईनंतर हाच समाज पुन्हा कायद्याकडे पाहत होता. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला, आणि तेव्हाच्या राज्य सरकारने त्याचे निष्कर्ष नाकारले. त्यानंतर उर्दू दैनिकांत तो पुष्कळ दिवस चर्चेत राहिला. कादंबरीच्या शेवटच्या पानावर बेड्या असतात, अहवालाच्या शेवटी शिफारशी असतात. या दोहोंमधले अंतर चालून जायला लागणारी तयारी आपल्या वाचनाने आपल्याला दिली होती का, हा प्रश्न आम्हाला सोडत नाही.

आजची निवड

उर्दू समीक्षेची भूमिका नंतर थोडी बदलली. शम्सुर्रहमान फारुकी यांच्यासारख्या श्रेष्ठ समीक्षकाने आधी 'दास्ताने अमीर हमजा'ला तिची जागा मिळवून दिली आणि मग इब्ने सफींच्या चार कादंबऱ्यांचा इंग्रजी अनुवाद स्वतः केला. तो २०११ मध्ये चेन्नईहून निघाला. मराठीत मात्र हा विषय अजून नीट आलेला नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण मुसलमान काय लिहितो यावर पुष्कळ बोललो. मुसलमान काय वाचतो यावर फारसे बोललो नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुले वाचत नाहीत ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकतो आणि ती पूर्ण खरी नाही. मुली मोबाईलवर उमेरा अहमद आणि नमरा अहमद यांच्या जाडजूड कादंबऱ्या वाचतात. त्या कादंबऱ्यांतली नायिका जगाशी लढण्याआधी स्वतःच्या मनाशी आणि ईमानाशी लढते. बाहेरची जागा आक्रसली की माणूस आत जागा शोधतो, हे त्यावरून दिसते. मुलांचे वाचन कमी आणि पाहणे जास्त. 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका २०२० मध्ये पाकिस्तानी दूरदर्शनवर उर्दूत आली आणि मोबाईलमार्फत आपल्या मोहल्ल्यांतही पोचली. घोडा आणि तलवार परत आली, शरर आणि हिजाजी यांचीच वाट. गेल्या काही वर्षांत देशात जे वातावरण होते त्यात मुलांनी तिच्याकडे ओढले जावे याचे नवल नाही. मुलांवर रागावण्याचे कारण नाही, पण या ओढीची काळजी वाटायला कारण आहे. विजयाचे स्वप्न पाहून उठलेल्या मुलाला शाळेच्या दाखल्यातली स्पेलिंगची चूक दुरुस्त करण्यासाठी कचेरीच्या तीन खेपा घालायच्या असतात, आणि त्या कामाला तलवार उपयोगाची नसते.

शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटात नजीर अहमद असतात, हाली असतात. इब्ने सफी क्वचितच असतात. ते असावेत असे आमचे मत आहे. नसूहसारखी पुस्तके जाळून किंवा मोबाईल हिसकावून वाचक सुधारत नाही, हे दीडशे वर्षांत सिद्ध झाले आहे. वर्गात फरीदीची एक कादंबरी वाचायला द्यावी आणि मग मुलांना दोन-तीन प्रश्न विचारावेत. या गोष्टीत फिर्याद कोणी दिली? साक्ष कोणी दिली? फरीदी त्या दिवशी रजेवर असता तर काय झाले असते? पाठ्यपुस्तकातल्या नागरिकशास्त्राच्या धड्याला जे साधत नाही ते या प्रश्नांना साधेल अशी आमची खात्री आहे. गोष्टीवर मुलांचा जीव आधीच बसलेला असतो, आणि तिसऱ्या प्रश्नापाशी ती थांबून विचार करू लागतात.

आपल्या आजोबांच्या पिढीने फसादानंतर जे पुस्तक उशाशी घेतले त्यात कायदा होता. त्यांना तो पुस्तकात शोधावा लागला. आपल्या मुलांना तो पुस्तकाबाहेर, ठाण्यात, कचेरीत आणि न्यायालयात स्वतः जाऊन मागता यावा, एवढे तरी आपल्या शाळांनी आणि आपल्या समीक्षेने करावे.